वरच्या मजल्याची ऊब

जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, त्याच्या तळमजल्यावर घरमालकीणबाई एकट्या राहत. ते घर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बांधले होते. यजमान गेल्यावर दूर उत्तरेकडे स्थायिक झालेल्या मुलाने आईला एकच अट घातली. वर कोणी राहत असेल तोवर तिने त्या घरात राहावे. वरचा मजला रिकामा पडला, तर घर विकून तिने त्याच्या गावातल्या वृद्धाश्रमात यावे. रात्रीबेरात्री ती पडली, तर आवाज ऐकायला कोणीतरी हवे, एवढेच त्याचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. बाईंनी हे आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितले. 'मला याच घरात मरायचं आहे,' असे त्या भाडेकराराचे कलम वाचून दाखवावे तशा स्वरात म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर माझे बाळंतपण झाले आणि पुण्याहून आई आली. बाळंतिणीची खोली कशी असावी याविषयी आईच्या मनात कसलाही संदेह नव्हता. तिने खिडक्यांच्या फटींत जुन्या साड्यांच्या पट्ट्या कोंबल्या, हायत्सुंगचे, म्हणजे खोली तापवणाऱ्या यंत्रणेचे, बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवले आणि रोज संध्याकाळी ओवा-शेपांची धुरी दिली. पहिल्या दिवशी त्या वासाने बाई धावत वर आल्या. काही जळत नाही हे पाहून त्यांनी शांतपणे खिडकी सताड उघडली. आईने तितक्याच शांतपणे ती लावली.

"हिला सांग," आई मला म्हणाली, "ओल्या बाळंतिणीला वारा लागला, की जन्माची कंबर धरते."

"तुमच्या आईंना सांगा," बाई म्हणाल्या, "कोंडलेल्या हवेत कोबीसुद्धा वाढत नाही."

मी दोघींनाही दुसरीचे म्हणणे थोडे सौम्य करून सांगितले. पुढे बाई बाळाला पाहायला येत, तेव्हा दारातच लोकरी जाकीट काढून ठेवत आणि वारा घालण्याचा अभिनय करत. आई म्हणे, 'येऊ दे बिचारीला, शेकून जाईल जरा.' आई परत गेली तरी बटण खाली आले नाही. मुलीला सर्दी-खोकला सारखा होई आणि घर कसे असावे याचा आमचा अंदाज त्या पहिल्या हिवाळ्यावरच बेतलेला राहिला. बाई मात्र खाली फक्त स्वयंपाकघर तापवत. आमच्या उबेचा त्यांना काही लाभ नव्हता. ऊब वर चढते, खाली उतरत नाही. हे मी पुण्याच्या शाळेत अनेक वर्षे मुलांना शिकवले होते.

तीन हिवाळ्यांनंतर माझ्या यजमानांची रेगेन्सबर्गला बदली झाली. आम्ही निघण्यापूर्वी बाईंना नवे भाडेकरू मिळणे आवश्यक होते. त्याच सुमारास तिकडचा नियम कडक झाला होता. घर भाड्याने देणाऱ्याने ते पाहायला येणाऱ्याला, त्याने मागण्याची वाट न पाहता, एनर्गीआउसवाइस म्हणजे घराचा ऊर्जा-दाखला दाखवायचा. त्यावर कमी इंधनाच्या हिरव्यापासून जास्त इंधनाच्या लालपर्यंत एक पट्टी असते आणि आपले घर कुठे बसते ते एक बाण दाखवतो. बाईंच्या घरासारख्या घरांचा दाखला दोन रीतींनी काढता येई. भिंती, छप्पर, खिडक्या यांचे मोजमाप करून किंवा मागच्या तीन वर्षांत घरात जेवढे इंधन जळले त्यावरून. दुसरी रीत सोपी, म्हणून बाईंनी ती निवडली. त्यांना स्वतःच्या काटकसरीची खात्री होती.

इंधनाची टाकी मात्र दोन्ही मजल्यांची एकच होती. बाण लाल टोकाला टेकला.

मी दाखला पुनःपुन्हा वाचला. त्यात कोठे चूक नव्हती. घर जुने होते, भिंतींत ऊब टिकत नव्हती, हेही खरेच. पण त्या आकड्यात बाईंचे तीन थंड हिवाळे आमच्या तीन उबदार हिवाळ्यांखाली पार बुडून गेले होते, आणि घरात कोण राहत होते हे तो दाखला विचारत नाही. बाईंच्या मुलाने फोनवर भिंती मोजण्याच्या रीतीचा पर्याय काढला. मोजणी करणारा तज्ज्ञ येऊन गेला आणि भिंतींकडे पाहून म्हणाला, फार फरक पडणार नाही.

पाहणारे येत राहिले. त्यांना झाडे आवडत, पुढचा शांत रस्ता आवडे. मग बाई दाखला पुढे करत आणि बोलणे आखडते होई. एका तरुण जोडप्याला मी न राहवून सांगितले, की हा आकडा आमच्यामुळे आहे, इथे बाळंतपण झाले आहे. त्या तरुणाने आमच्या मुलीकडे पाहून स्मित केले. मग नम्रपणे म्हणाला, "तसं यात लिहिलेलं नाही." ते दोघे पुन्हा आले नाहीत.

आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग मी काय करायला हवं होतं?"

नवे भाडेकरू न मिळताच आमची मुदत सरली. मुलगा आला, घराला ग्राहक ठरला. नव्या मालकाला कायद्याने घर तापवणारा जुना बॉयलर बदलावा लागणार होता. बाई स्वतः राहत होत्या तोवर त्यांना त्यातून सूट होती. आम्ही सामान बांधत असताना त्या वर आल्या. रिकाम्या खोलीत उभ्या राहून त्यांनी विचारले, "त्या पहिल्या हिवाळ्यात बाळाला कधी थंडी वाजली?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग प्रत्येक खोलीत जाऊन हायत्सुंगचे बटण शून्यावर आणले आणि सवयीने खिडक्या उघडल्या. त्या दिवशी त्या कोणी बंद केल्या नाहीत.

नाताळात मी त्यांना वृद्धाश्रमात फोन केला. त्यांनी मुलीची, आईची चौकशी केली. झोप लागत नाही म्हणाल्या. इमारत नवी आहे, दाखल्यावर हिरवी आहे, सगळ्या खोल्यांत रात्रंदिवस सारखीच ऊब असते. ती कमी करण्याचे बटण खोलीत नाही, ते तळघरात आहे आणि तिथे जायला त्यांना परवानगी नाही.