निळ्या नळीची शपथ

असुबोनी गावचा टॅक्सीवाला याव ताबिरी याला कोणी फसवलं, असं म्हणायची सोय नव्हती. तो स्वतःच्या पायांनी फसायला जायचा आणि छाती पुढे काढून परत यायचा. या खेपेला त्याने कुमासी शहराच्या बाजारातून बोटभर लांबीची निळी नळी आणली. ती पेट्रोलच्या पाइपावर बसवली की निम्मं पेट्रोल वाचतं, असं विकणारा म्हणाला होता. नळीत लोहचुंबक होतं. आणखी काय होतं ते विकणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो त्यानंतर बाजारात कोणाला दिसला नाही.

टॅक्सी स्टँडवर न्कान्सा नावाचा दुसरा टॅक्सीवाला यावच्या मागे लागला. "काय रे, निम्मं पेट्रोल वाचतं म्हणतोस, मग पंपावर माझ्या आधी तूच कसा उभा असतोस? वाचलेलं परत करायला जातोस होय?"

केंकी, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बायकासुद्धा खो खो हसल्या. याव पेटला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं त्याने सगळ्यांदेखत राजाच्या नावाची मोठी शपथ घेतली: या नळीने पेट्रोल वाचतं म्हणजे वाचतं!

हसू जागच्या जागी थांबलं. असुबोनीत बाकी कशाबद्दलही थापा मारलेल्या चालतात. पण मोठी शपथ घेतली की भांडण दरबाराचं होतं, आणि शपथ खोटी ठरली तर मेंढा कापून ती धुवावी लागते.

यावच्या घरी मेंढा एकच होता, तोही बायकोचा. फ्रेमाने तो आईच्या वर्षश्राद्धासाठी कोवळा पाला घालून वाढवला होता. याव घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

"शपथ घ्यायची तुम्ही, आणि कापायचा माझ्या आईचा मेंढा?"

"कापायचा प्रश्न येतोच कुठे? नळी चालते."

"नळी चालते तर काल तुम्ही कशाला चालत आलात?"

याव मेंढ्याला पाला घालायला गेला.

दरबारात नळी पितळी ताटात ठेवली होती. गावचे राजे नाना हळूच बोलत आणि त्यांचा प्रवक्ता ब्रेन्या तेच दांडक्यावर रेलून भारदस्त आवाजात सांगे. एक म्हातारा नळी बघायला वाकला, तशी त्याच्या कमरेची किल्ली टक्कन नळीला जाऊन चिकटली. दरबार हबकला. कित्येकांच्या मते खटला तिथेच संपला.

"नाना म्हणतात," ब्रेन्या गरजला, "किल्ली धरते हे दिसलं. पेट्रोल धरते का, ते बघा."

ठरलं असं: टाकी कोरडी करून एक बाटली पेट्रोल ओतायचं आणि गाडी थांबेल तिथे खूण करायची. एकदा नळी लावून, एकदा काढून. साक्षीला पंच गाडीत.

पुढच्या सीटवर पंचांपैकी दुओदू आजोबा बसले. त्यांना मूळव्याध होती, गाडीचे धक्के सोसत नसत. याव एरवी जी गाडी हाकायचा, ती रस्त्यावरच्या कोंबड्यांना पंख असतात म्हणूनच खपून जायची. दुओदूंनी काठी यावच्या गुडघ्यावर ठेवली. पाय जरा खाली गेला की काठी टक्.

"आजोबा, या चालीने पोचणार कधी?"

"आपल्याला पोचायचं नाहीये. थांबायचंय. हाक गुमान."

एवढ्याशा पेट्रोलात यावची गाडी एरवी नदीच्या पुलापर्यंतही जात नसे. त्या दिवशी पूल ओलांडून, चढ चढून ती पेरूच्या झाडाखाली थांबली. यावने भर रस्त्यात नाच केला.

मग नळी काढून नानांच्या ताटात ठेवली आणि दुसरी बाटली ओतली. आता याव देव पाण्यात घालून बसला की गाडी लवकर बंद पडावी. असा टॅक्सीवाला त्या रस्त्याने आजवर पाहिला नव्हता. पुलाच्या अलीकडे त्याने चोरून पाय दाबला. टक्! चढावर पुन्हा दाबला. टक्! गाडी आपली डुलत डुलत निघाली ती पेरूचं झाड मागे टाकून दोन पावलं पुढे जाऊन थांबली.

"नळीचं वजन कमी झालं," मागोमाग चालत आलेला न्कान्सा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी याव मेंढ्याला दोरी बांधून दरबारात घेऊन गेला. मेंढा बिचारा खुशीत चालला होता. त्याला वाटलं, पाल्याकडेच नेताहेत. दाराशी त्याने यावच्या हाताला नाक घासलं. पडलो तरी नाक वर, अशी ज्याची जन्माची रीत, तो सगळ्या गावासमोर खाली बसला.

"नाना, शपथ खोटी. नळी काही करत नाही, मी मूर्ख आहे. पण हा मेंढा माझा नाही. माझ्या सासूच्या श्राद्धाचा आहे. मी तो न विचारता आणलाय."

नाना ब्रेन्याच्या कानाशी लागले.

"नाना म्हणतात, दुसऱ्याच्या मेंढ्याने आपली शपथ धुतली जात नाही. याव स्वतःचा मेंढा आणेल. आता, पेट्रोल तर दोन्ही वेळा वाचलं. ते कोणी वाचवलं?"

सगळ्यांनी दुओदूंच्या काठीकडे पाहिलं.

"मग शपथेचा मेंढा येईपर्यंत दुओदू यावच्या पुढच्या सीटवर बसतील. वाचलेल्या पेट्रोलातून मेंढा येईल."

दुओदू आजोबा मऊ उशी घेऊन सीटवर ठाण मांडून बसले. पुढे दुसरे टॅक्सीवालेही दरबारात अर्ज करू लागले, की आम्हालाही एखादा म्हातारा बसवून द्या, शक्यतो मूळव्याधीचा. पावसाळा सरता सरता यावचा मेंढा आला, शपथ धुतली गेली, आणि दुओदू आपली काठी फ्रेमाला देऊन घरी गेले.

आईचं श्राद्ध फ्रेमाने थाटात केलं. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी पुढच्या सीटवर तीच बसते. काठीच्या टोकाला यावने ती निळी नळी घट्ट बांधली आहे.

"मी म्हणत होतो ना, चालते!" तो मागच्या उतारूंना मान वळवून सांगतो. "फक्त बसवायची जागा चुकली होती."

"पुढे बघा," फ्रेमा म्हणते, आणि गुडघ्यावर टक्.