अर्जुनाचं फील्डवर्क

आमच्या वर्गात सगळ्यात उंच आणि सगळ्यात गप्प मुलगा म्हणजे अर्जुना. म्हसवडच्या पलीकडच्या माळावरचा धनगराचा पोरगा. वडील अजून मेंढरांमागे फिरत होते. त्या वस्तीवरून कॉलेजात आलेला हा पहिलाच, आणि आला तो कुठं, तर समाजकार्याच्या पदवीला! सत्त्याहत्तर साली सांगलीत आमचा हा वर्ग नवाकोरा होता. "लोकांच्या मदतीला धावायला कालिज कशाला लागतंय रं?" असं कोरेगावच्या माझ्या चुलत्यानं मला विचारलं, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं. अर्जुनापाशी होतं. दुष्काळात त्याच्या वस्तीवर धान्य घेऊन आलेला एक माणूस त्याच्या आजारी आजीच्या उशाशी बराच वेळ नुसता बसून राहिला होता. "तसं बसता आलं पायजे गड्या," तो म्हणायचा. त्याला तेवढंच शिकायचं होतं.

आमच्या मॅडम मुंबईत शिकून आलेल्या. त्यांच्यावर मी कितीही चिडलो तरी त्या जीव तोडून शिकवायच्या, हे मान्य करावंच लागेल. त्यांचा मुख्य धडा असा: माणसाचा निर्णय त्या माणसानंच घ्यायचा. आपण सगळी माहिती द्यायची, सल्ला द्यायचा नाही, नातं जोडायचं नाही आणि मग गप्प बसायचं. आम्ही माना डोलवायचो. आमच्या घरी कुणाचं लग्न कुणाशी, इथपासून कुठल्या रानात ऊस लावायचा, इथपर्यंत सगळं थोरले ठरवतात, हे मॅडमना सांगायची हिंमत कुणात होती?

आठवड्यातून दोन दिवस आम्हाला फील्डवर्कसाठी मिरजेच्या एका दवाखान्यात पाठवत. तिथं पुरुषांच्या वॉर्डात अर्जुनाला धुळा भेटला. वीस-बावीस वर्षांचा मेंढपाळ. बाभळीच्या फांद्या तोडताना कुऱ्हाड पावलावर बसली, झाडपाल्यावर दिवस गेले आणि जखम चिघळून पाऊल काळं पडलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. गुडघ्याखाली पाय काढला तर पोरगा वाचेल, नाहीतर नाही. धुळा तापानं बरळत होता, त्यामुळे आईचा, बयाबाईचा अंगठा हवा होता. आणि बयाबाई अंगठा द्यायला तयार नव्हती. नवरा वारलेला, थोरला दीर मेंढरं घेऊन कर्नाटकात कुठल्या गावाच्या रानात उतरलाय, कुणाला ठाऊक! घरात मोठं कुणी नसताना आपण कसं ठरवायचं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

"तू कुटला रं लेकरा?" तिनं अर्जुनाला विचारलं.

"म्हसवडाकडचा."

"कुनाचा?"

"बनाबाईचा."

"आगं बया! म्हंजी माज्या मावसभनीचा ल्योक की रं तू!"

झालं. त्या दिवशी तिनं फडक्यातली भाकरी सोडून त्याच्या हातावर ठेवली आणि त्यानं ती खाल्ली. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पेशंटच्या घरची भाकरी खायची नाही, मावशी म्हणायचं नाही! अर्जुना खाली मान घालून ऐकत राहिला. मला मात्र राग आला. सख्ख्या मावशीसारख्या बाईला मावशी म्हणायचं नाही, तर काय मॅडम म्हणायचं?

पुढच्या खेपेला मॅडम स्वतः वॉर्डात आल्या आणि कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मी शेजारच्या कॉटपाशी होतो. अर्जुनानं बयाबाईला तिच्या बोलीत सगळं नीट समजावलं. पाय ठेवला तर काय होईल, काढला तर काय, लाकडी पाय कसा मिळतो, सगळं. तिनं मन लावून ऐकलं, एकदा डोळे पुसले.

"मला यातलं काय कळत न्हाई," ती म्हणाली. "पर तू आमचा हायेस. शिकलायस. दीर न्हाई तर तूच मोटा. तू हो म्हन, मी आंगठा लावतीया."

अर्जुनानं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी हळूच मान हलवून नाही म्हटलं. 

"मावशी... निर्णय तुमचा हाय," तो म्हणाला. "तुमचं तुमी ठरवा."

धनगरांच्या बैठकीत घरचा माणूस हे शब्द कधी उच्चारतो, ते मला अर्जुनानंच नंतर सांगितलं. एक तर नातं तोडताना. नाहीतर आजारी माणूस जगणार नाही हे ओळखून, पुढचा दोष आपल्या माथी नको म्हणून. तिसरा अर्थच नाही. हे त्याला पाळण्यातल्यापासून ठाऊक होतं. वाक्य तोंडातून गेलं आणि मगच ते त्याच्या कानात शिरलं. तो काहीतरी बोलायला पुढे झुकला, तोच मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान. आता थांब. त्यांना विचार करू दे."

आणि तो थांबला. बयाबाईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, पदर ओढून घेतला आणि लेकाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. पुन्हा तिनं काहीच विचारलं नाही.

आम्ही परत गेलो तेव्हा कॉट रिकामी होती. डॉक्टरांचं न ऐकता ती धुळाला घेऊन गेली होती. अर्जुना तसाच स्टँडवर पळाला, मीही त्याच्यामागे. एसट्या बदलत, शेवटी चालत आम्ही तिच्या वस्तीवर पोचलो. धुळा घोंगडीवर पडला होता. काळं मांडीपर्यंत चढलं होतं आणि तो कुणालाच ओळखत नव्हता.

"मावशी, मी सांगतो, पाय काढा! मी जबाबदार!" अर्जुना ओरडलाच. "आत्ता गाडी बगतो."

"ह्येच तवा का म्हनला न्हाईस रं?" बयाबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. "मला वाटलं, डाक्तरनं तुला खरं सांगितलंय, पोरगं ऱ्हात न्हाई. मग म्हनलं, दोन पायांनी जाऊ दे सिद्धनाथाकडं."

गाडी मिळाली नाही. गावातल्या डॉक्टरनं येऊन पाहिलं आणि आता उशीर झाला, एवढं सांगून तो निघून गेला. अर्जुना धुळाच्या उशाशी बसला. बसण्याखेरीज करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धुळा गेला.

सांगलीला परतल्यावर अर्जुनानं मॅडमना सगळं सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले. "तुझी चूक नाही, अर्जुन," त्या म्हणाल्या. "निर्णय शेवटी त्या बाईंचा होता."

"तिनं कुटं घेतला, मॅडम?" अर्जुना म्हणाला. "तिनं माझा ऐकला."