नानांचा डावा हात आणि ऑर्गनचा भोंगा

“हे न्हाई,” नाना म्हणाले.

मी पुढचा टोन लावला.

“हे बी न्हाई.”

चौसाळ्यात हायवेला लागून माझं कीबोर्ड दुरुस्तीचं दुकान आहे. बँडवाले, बँजो पार्टीवाले, शाळेतले संगीत शिक्षक, सगळे येतात. दुरुस्तीपेक्षा टोन सेट करून देण्याचंच काम जास्त. गिऱ्हाईक बहुधा एकच सांगतं, “भारी वाजलं पाहिजे.” आश्रुबा नाना तेवढंही सांगत नव्हते. नुसतं नाही म्हणत होते.

त्यांची मुलगी कुसुम त्यांना घेऊन आली होती. नाना सहकारी साखर कारखान्यात कामाला होते आणि कारखान्याच्याच कॉलनीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. लकवा मारला आणि डावा हात गेला. उजव्या हाताची बोटं शाबूत होती, पण पेटीचा भाता कोण हलवणार? कीबोर्डला भाता नसतो, म्हणून कुसुमने एक जुना कीबोर्ड घेतला होता.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “भजनाला जायचं सोडलंय त्यांनी. मंडळानं दुसरा पेटीवाला बघितलाय. नाना दिसभर भित्तीकडं तोंड करून पडत्यात. हे बी जमलं न्हाई तर ते काय उठायचे न्हाईत, भाऊ.”

मी हार्मोनियमचे सगळे टोन घासून पुसून ऐकवले. घुमारा कमी केला, खर्ज वाढवला.

“नाना, ही तर हुबेहूब पेटी आहे.”

“पेटी हाय. पर मेलेली हाय.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. चिडूनच मी ऑर्गनच्या टोनमध्ये शिरलो. भजनाला असला टोन कुणी लावत नाही.

हे जरा समजावून सांगतो. ऑर्गनच्या टोनमध्ये एका सुराबरोबर त्याच्या वरचे-खालचे सूर मिसळलेले असतात. कोणता किती घ्यायचा हे आपण ठरवायचं, भाजीत मसाला घालावा तसं. त्याला जोड असते रोटरी स्पीकरची. पूर्वी लाकडी कपाटात एक भोंगा गोल फिरायचा. आवाज तुमच्याकडे यायचा, लांब जायचा, पुन्हा यायचा. टेबलफॅनसमोर तोंड धरून ‘आ’ केलं की आवाज थरथरतो, त्याच जातीतला प्रकार. कीबोर्डमध्ये कपाटही नसतं आणि भोंगाही नसतो, पण आवाज तसाच फिरतो. स्पीड दोन, स्लो आणि फास्ट. स्लोवरून फास्टवर गेलं की आवाज एकदम उडी मारत नाही, हळूहळू वेग घेतो.

मी वरचे तिखट सूर बंद केले आणि भोंगा स्लोवर ठेवला. नानांनी सवयीने एक ओळ धरली. दुपार तापली होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. रस्त्याने पाण्याचे टँकर तेवढे जात होते. तो सूर दुकानात फिरायला लागला, मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला लागला. मलाही जरा गुंगी आल्यासारखं झालं.

नानांचा डावा हात लोंबकळू नये म्हणून कुसुमने तो कीबोर्डच्या कडेवर ठेवला होता. तो घसरला आणि डावीकडच्या लिव्हरवर पडला. ऑर्गनच्या टोनला तोच लिव्हर भोंग्याचा स्पीड बदलतो. आवाजाने वेग घेतला. नानांचं बोट पट्टीवर तसंच राहिलं. डोळे मिटले.

“मशीन लागली,” ते म्हणाले.

“कोणती मशीन?”

“साखरेची. आदी जड फिरती. मंग गुणगुणती. मळी भाईर फेकती, आन् आत साखर ऱ्हाती. त्याच मशीनीवर होतो मी.”

त्या वर्षी उसाअभावी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नव्हता. “आमी लहानपणापून ह्या आवाजावर झोपलोय,” कुसुम म्हणाली.  

नाना मात्र कामाला लागले होते. “लई झटकन उठली. मशीन येवढी हलकी नसती बे.”

स्पीड किती वेळात चढायचा, त्याची सेटिंग आत असते. मी वेळ वाढवला. “आता?”

“आजून.”

“आता?”

 नानांनी खांदा पुढे रेटला. त्या खांद्यामागून तो लुळा हात सरकत गेला आणि लिव्हरवर टेकला.

“नाना, हात!” कुसुम ओरडली.

“हात न्हाई, खांदा हाय,” नाना म्हणाले. “पर ढकलतोय.”

लिव्हर धरून ठेवावा लागू नये म्हणून मी एकदा ढकललं की फास्ट, पुन्हा ढकललं की स्लो, असं करून दिलं.

गुरुवारी संध्याकाळी मी कॉलनीच्या मंदिरात मुद्दाम गेलो. नवा पेटीवाला नानांना जागा देत सरकून बसला. अभंगभर भोंगा स्लो होता. वीणेकऱ्यांनी कपाळाला आठी घातली. “ही कसली पेटी आणली, आश्रुबा?” नाना वाजवत राहिले. गजर आला, टाळांची लय चढली आणि नानांनी खांदा रेटला.

सूर जड उठला, मग गुणगुणला. टाळकरी सगळे कारखान्यातलेच. एकेकाचे टाळ थांबत गेले. नानांकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे दाराबाहेर बघत होते, कारखान्याच्या धूर नसलेल्या चिमणीकडे. चिमणी होती तशीच होती. तेव्हा कुठे त्यांच्या माना आत वळल्या, नानांच्या त्या हाताकडे.

“थांबता कावून?” वीणेकरी ओरडले. आठी कुठल्या कुठे गेली होती. “घ्या बे गजर!”

टाळ पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात.

तेव्हापासून गिऱ्हाईक नाही नाही करायला लागलं, की मी टोन दाखवत बसत नाही. आधी चहा मागवतो आणि विचारतो, तुम्ही जन्मभर कुठं काम केलंत.

नाना दर गुरुवारी वाजवतात. नव्या पेटीवाल्यालाही ते अधूनमधून कीबोर्डवर बसवतात. लिव्हरला मात्र हात लावू देत नाहीत.