पालखीच्या पुढे गाडी जात नाही

देवाच्या दारी शांत मनाने जावं, असं लोक लिहितात. मी तशी कधीच गेले नाही, आणि या खेपेला तर नाहीच नाही. ज्या देवाच्या माणसांचं पाणी वाहिलं, गाठोडी वाहिली, त्यानेच भर रस्त्यात माझी गाडी मोडून टाकली, हा मला सरळ सरळ अन्याय वाटत होता. तो राग आठवला की आजही कान गरम होतात. म्हणून हा अनुभव लिहिताना मी स्वतःला फार भाविक वगैरे दाखवणार नाही. जसं झालं तसं सांगते.

आमच्या घरात बोटाला शाई लागायची ती फक्त मतदानाच्या दिवशी. आबा दुसऱ्याच्या शेतात राबले, आईचा जन्म निंदण-खुरपणात गेला. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. मेहकरला कॉलेजात जायचे तेव्हा आमच्या फाट्यावर एसटी थांबेल तर शपथ. कंडक्टर खिडकीतून 'मागून येते' अशी खूण करायचा, आणि मागून नुसती धूळ यायची. पुढे मेहकरलाच एका खाजगी क्लासमध्ये शिकवायला लागले, तेव्हा जुनी पेट्रोलवरची व्हॅन घेतली. जाताना फाट्या-फाट्यावरच्या मुली कॉलेजात सोडते, येताना घेऊन येते. ही गाडी आहे म्हणून त्या मुली शिकताहेत, ही बढाई नाही. गाडी आठवडाभर बंद राहिली की कोणाच्या ना कोणाच्या घरात 'आता बस झालं शिक्षण' हा विषय निघतोच. मुलींची सवय मोडत नाही, घरच्यांची मोडते.

तर त्या दिवाळीच्या आधीपासून सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून खुळखुळ आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. इंजिन तापलं की आवाज बंद. मेहकरच्या गॅरेजवाल्याला मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तो बोनेटसुद्धा न उघडता म्हणाला, "जुन्या गाडीले आवाज राह्यतेच, म्याडम. तुम्ही गाणे लावत जा." शेजारी चहा पीत बसलेले सगळे हसले. माझ्या जागी मिशीवाला माणूस असता तर बोनेट उघडलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावातून शेगावला पायी दिंडी जाते. मुलींना सुट्टी, गाडी रिकामी, म्हणून पाण्याच्या कॅन, अंथरुणं आणि पाय सुजलेल्या बायका नेण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आमच्या दिंडीचा एक जुना नियम आहे. महाराजांच्या पादुका पालखीत सगळ्यात पुढे, आणि दिंडीतलं कोणतंही वाहन त्या पालखीच्या पुढे जायचं नाही. दिंडीचे विणेकरी बुवा हा नियम राखतात. मी त्यांना विनवलं, "बुवा, मी पुढं जाऊन मुक्कामावर पाणी भरून ठेवते, चुली मांडून ठेवते. लोक दमून येतात. त्यात काय बिघडतं?"

"पादुकांच्या आधी कोनी पोचत नाही, बाई. पानी बी नाही."

झालं. सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये. रिकाम्या सडकेवर पायी माणसाच्या चालीने गाडी सरपटत न्यायची. क्लचवरचा पाय भरून आला. शिकलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, हाच यांचा खरा नियम दिसतो, असं मी मागे बसलेल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. त्यांनी मला भिजवलेले शेंगदाणे दिले.

जानेफळ सोडल्यावर एका उतारावर पालखी निंबाखाली टेकली. नैवेद्याची वेळ झाली होती. मी मागून हळूहळू येत असताना आतून फटकन काहीतरी तुटल्याचा आवाज झाला आणि इंजिन गप्प झालं. चावी फिरवली. एरवी सुरू होताना इंजिन थोडं कण्हतं. ते त्या दिवशी रिकाम्या जात्यासारखं हलकंच गरगरलं, पेटलं मात्र नाही. पुन्हा फिरवली. तेच.

आता आमच्याकडे गाडी बंद पडली की बोनेट कोणी उघडत नाही, आधी खांदा लावतात. बघता बघता दहा-बारा जण मागे गोळा झाले. "ताई, दुसऱ्यात टाका अन् वेग आला का क्लच सोडा! बोला, जय गजानन!" मला तर भरून आलं. इतक्यात बुवा गळ्यात वीणा घेऊन आले आणि बोनेटपुढे उभे राहिले.

"थांबा. पालखी पुढं टेकली हाय. गाडी पुढं जानार नाही."

"बाजूनं काढतो ना, बुवा," मागून एक जण म्हणाला.

"बाजूनं बी नाही."

"मंग मागं ढकलू का?"

"मागं चढ हाय, बे. तुह्या सासऱ्याले बोलाव ढकलाले," दुसरा बोलला आणि सगळे हसले.

मी हसले नाही. खाली उतरले आणि बुवांच्या वयाचा विचार न करता बोलले. "बुवा, गाडी मरून पडली आहे आणि तुम्ही नियम सांगता? नियम मोठा की माणूस?" बुवांचा आवाज काही चढला नाही. एक हात वीणेवर, दुसरा बोनेटवर, जणू बैल धरून ठेवलाय. म्हणाले, "नैवेद्य होऊ दे, आरती होऊ दे. पालखी उठली का ढकला शेगावपावेतो. माही ना नाही."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे टाळ सुरू झाले, इकडे मी चाकाशी बसून राहिले. आरतीत उभीसुद्धा राहिले नाही.

आरती चालू असतानाच मागून एक ट्रॅक्टर आला. पुढे निळा झेंडा. चालवणारा माणूस आरती संपेपर्यंत इंजिन बंद करून थांबला, मग माझ्याकडे आला. "जय भीम, ताई. ही पोरीइची गाडी ना? माही पुतणी येते हिच्यात. काऊन थांबली?"

मी जय भीम म्हणून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी काई तुमच्या महाराजाले मानत नाही. पन पोरी कॉलेजात जातात ते मानतो. बांधा दोर. कोनीकडे नेऊ, पुढं का मागं?"

"पुढं तर पालखी उठेपर्यंत जाऊ देत नाहीत. मागं, मेहकरच्या गॅरेजलाच न्या," मी बुवांना ऐकू जाईल असं म्हणाले.

तो खामगावकडे निघाला होता, माझ्यासाठी उलटा फिरला. लोकांनी कॅन आणि अंथरुणं वाटून डोक्यावर घेतली, पाय सुजलेल्या बायका पायी चालू लागल्या. शेगावकडे पाठ करून मी मेहकरला निघाले. आरशात पालखी लहान लहान होत गेली आणि मी एकटीच स्टिअरिंग धरून मोठ्याने बोलत होते. तुमचंच काम करत होते ना? दुसरी गाडी नाही दिसली तुम्हाला? माझ्या मुलींची तेवढी दिसली?

गॅरेजवाल्याने चावी फिरवून आवाज ऐकला आणि हात झटकले. "टायमिंग चैन तुटली, म्याडम. इंजिन गेलं. वरचे वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले असतीन, पिस्टनले भोकं पडले असतीन. जुनं इंजिन भेटलं तं टाकू, नाहीतं भंगारात द्या."

"पाहिलं का?"

"पाहाचं काय त्यात?"

"आवाज येतो म्हणाले तेव्हाही पाहिलं नाही. आता मेली म्हणता, तेही न पाहता. उघडा. माझ्यासमोर उघडा. मी इथून हलणार नाही." मी विज्ञान शिकले आहे. न पाहता सांगितलेलं मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही चालवून घेत नाही. दुसरं इंजिन टाकणं माझ्या आवाक्याबाहेर होतं, ते वेगळंच.

तो कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इंजिनाचं वरचं झाकण काढलं. खाली मोठा पाना लावून इंजिन हाताने हळूच थोडंसं फिरवलं. खालचं फिरत होतं, वरचा वॉल्व्ह उघडणारा दांडा मात्र जागचा हलत नव्हता. मधली साखळी तुटून आत लोंबत होती. मला वाटलं, माझ्या प्रार्थनेचंही असंच झालंय. खाली मी एवढी तळमळते आणि वर काही पोचतच नाही.

तेवढ्यात फोन आला. बारावीतल्या एका मुलीचे वडील. "ताई, गाडी मोडली म्हन्ते गावात. मंग पोरीले आता घरीच ठेवतो. पाहुणे बी येऊन राह्यले पाहाले."

"सुट्टी संपेपर्यंत थांबा, भाऊ. गाडी येते."

"पाहू," म्हणाले आणि फोन ठेवला. हा 'पाहू' मला चांगला ओळखीचा आहे. माझ्या वेळी 'पोरीला घरी ठेवा' म्हणणाऱ्या कोणालाच आबांनी तो दिला नाही म्हणून मी आज लिहिते आहे.

गॅरेजवाल्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वॉल्व्ह असलेला वरचा भाग, खोललं आणि टेबलावर उलटं ठेवलं. वॉल्व्ह उघडणारा दांडा काढून सगळे वॉल्व्ह बंद केले, प्लग बसवले. चार सिलिंडरच्या चार खोलगट जागा, वाट्यांसारख्या. त्यांत त्याने पेट्रोल ओतलं. म्हणाला, "आता पाहा तुमच्या डोयानं. पेट्रोल उभं राह्यलं तं वॉल्व्ह सरळ. झिरपलं तं वाकडा."

आम्ही दोघं त्या वाट्यांवर वाकून उभे राहिलो. पहिली वाटी बघता बघता उतरू लागली. तो "हं" म्हणाला, जणू म्हणत होता, सांगितलं नव्हतं का? उरलेल्या तीन वाट्यांकडे मी तीर्थाच्या पळीकडे बघावं तशी बघत होते आणि माझे ओठ हलत होते. नाव महाराजांचं होतं, सूर भांडणाचाच होता. खोटं कशाला बोलू, दुसरा सूर मला येत नाही. पण वेळ जात होता आणि पेट्रोल हलत नव्हतं. तीन वाट्या काठोकाठ भरलेल्या, शांत, आणि त्यांत गॅरेजचा पत्रा दिसत होता.

गॅरेजवाल्याने बोटाने काठ तपासला, मग खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहिले. पहिल्या पिस्टनवर चंद्रकोरीसारखा एक ओरखडा. भोक नाही. बाकीचे साफ.

"असं होत नाही, म्याडम," तो हळू आवाजात म्हणाला. "किती स्पीडनं होती?"

"पायी माणसाच्या चालीनं. पालखीच्या मागं."

"म्हनून. वॉल्व्ह जोरानं आपटले नाहीत. अन् बंद पडल्यावर धक्का मारला का?"

"मारू दिला नाही."

"वाचलं मंग. तुम्ही चावी फिरवली तेच लय झालं होतं. उतारावर दुसऱ्यात टाकून धक्का मारला असता, तं चाकानं इंजिन जोरात फिरवलं असतं अन् चारी वाट्या रिकाम्या. पिस्टनबी गेले असते. कोनं थांबवलं? मिस्त्री होता का कोनी?"

"नाही. विणेकरी होते."

रस्त्यावरची प्रत्येक गोष्ट, जिच्यावर मी चिडले होते, तीच एक एक करून त्या टेबलावर येऊन बसली होती. मला वेगात पुढे जायचं होतं, जाऊ दिलं नाही. मला धक्का हवा होता, मारू दिला नाही. मला शेगावकडे तोंड हवं होतं, पाठ करायला लावली. मी याला चमत्कार म्हणत नाही. बुवांना इंजिनातलं काही कळत नाही, बैलगाडी असती तरी त्यांनी तेच केलं असतं. पण ज्या नियमाला मी अडाणी म्हणाले, त्याच्या आडोशाला माझी गाडी वाचली, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. न पाहिलेलं मी सांगत नाही.

गॅरेजवाल्याने साखळीला आधार देणारी प्लास्टिकची पट्टी बाहेर काढली. झिजून कागदासारखी झालेली. माझ्या हातात ठेवून म्हणाला, "आवाज खरा होता, म्याडम."

"मला माहीत होतं," मी म्हणाले. तो राग मी सोडला नाही आणि सोडणारही नाही. आता कोणीही बाई आवाज येतो म्हणाली की तो आधी बोनेट उघडतो. ते ऐकून मला बरं वाटतं.

वाकलेले वॉल्व्ह बदलले, साखळी नवी बसवली. कॉलेज उघडलं त्या सकाळी मी त्या बारावीतल्या मुलीच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला. वडील बाहेर आले, गाडीकडे पाहिलं, आत वळून ओरडले, "अवं, गाडी आली ना! डबा घे!" मी पाहुण्यांचं विचारलं नाही.

बुवांकडे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मले साखळीचं काय मालूम, बाई? मी पादुका राखल्या. पन तू लय बोलली माह्यावर, त्या दिवशी." आणि दोन पेढे उचलले. ट्रॅक्टरवाल्या दादांना फोनवर सांगितलं की हे मी लिहून काढणार आहे, तर ते म्हणाले, "महाराजानं मले पाठोलं असं लिहू नका हो. मी माह्या कामानं चाललो होतो. लिहा, जय भीमवाल्यानं वढली." दादा, लिहिलं.

नंतर एका रविवारी मुलींना घेऊन मी शेगावला गेले. रांगेत उभं राहून भांडण अगदी पाठ करून ठेवलं होतं. वाचवायचंच होतं तर तोडली कशाला? समोर गेल्यावर विचारलंही. मागून सेवेकरी हळूच म्हणाले, "चला माउली." आणि हात जोडताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, तुम्ही चला पुढे, मी मागून येते. फाट्यावर उभी असताना कंडक्टरची ही 'मागून येते'ची खूण मला रोज खोटी ठरलेली दिसायची. त्या दिवशी ती मी स्वतः केली, आणि ती खरी आहे.