पाण्यापाशी बसायचं

नव्वद सालानंतरची गोष्ट. गोडादऱ्यात, मागावर काम करणाऱ्यांच्या वस्तीत, आमच्या खोलीमागे एक जुनी विहीर होती. शेजारी जनावरांचा हौद आणि चार-पाच कडुनिंब. दिवाळी झाली की कच्छकडचे रबारी मेंढपाळ तिथं उतरायचे. बायका-पोरं उंट घेऊन पुढे येत, खाटा उतरवून बिऱ्हाड मांडत. पुरुष मेंढ्यांमागून येत.

त्यांतली एक म्हातारी माझ्या ओट्यावर बसायला यायची. काळे कपडे, हातभर पांढऱ्या बांगड्या. तिच्या आजोबांचे उंट वाळवंटातून व्यापाऱ्यांचा माल न्यायचे. ती सांगायची, "बेन, रेतीत रस्ता नसतो. कुठं तरी पाणी असतं, चार झाडं असतात. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत जायचं, तोच रस्ता."

"आणि कोणी चुकला तर?"

"त्यानं शोधत फिरायचं नाही. पाण्यापाशी बसायचं. तांडा पाण्याला येणारच."

तिला एकच मुलगा. रोगानं मेंढ्या मेल्या तेव्हा तो तांडा सोडून सचिन गावातल्या कापड रंगवायच्या कारखान्यात लागला. तिला कायमचा पत्ता नाही, त्याची खोलीही सारखी बदलायची. मायलेकांची भेट वर्षातून एकदा, या विहिरीवर. ती त्याला बाजरीचा रोटला आणि उंटिणीचं दूध द्यायची आणि सगळ्यांदेखत बोलायची, "गिरणीनं तुला खाल्लं, नुसती हाडं माझ्यासाठी ठेवली." तो हसत जेवायचा.

एका उन्हाळ्यात ती जमीन विकली गेली. झाडं तोडली, विहीर राडारोडा टाकून बुजवली. दिवाळीनंतर एक रबारी म्हातारा आला. तांड्याच्या आधी एक माणूस पाणी बघून जातो, ही त्यांची रीत. त्यानं बुजलेल्या जागेवर काठी आपटली आणि चहाही न घेता मागे फिरला.

"आता कुठून जाणार?" मी विचारलं.

"पाणी असेल तिकडून."

मग म्हातारीचा मुलगा आला. आईसाठी स्वतः रंगवलेलं काळं कापड घेऊन. विहिरीवरच्या राडारोड्यावर बसला.

मी म्हटलं, "अरे, तुमचा माणूस बघून गेला. उंट येणार नाहीत. चलथाणकडे उसाच्या बाजूला बघ जा."

"मासी, मी तिकडे गेलो आणि आई इकडे आली तर? तिनं सांगितलंय, बसायचं."

"पाण्यापाशी बसायचं सांगितलंय. इथं पाणी कुठाय?"

तो हलला नाही. आमचे हे मागावरची पाळी संपवून आले, "वेडाच आहे हा," म्हणाले. मी त्यांनाच सायकलवर चलथाणला पिटाळलं. ऊस तोडलेल्या रानात त्यांना लेंड्या आणि विझलेल्या चुली दिसल्या. तांडा पुढे गेला होता.

सुट्टी संपल्यावर तो सचिनला गेला. पुढच्या दिवाळीला विहिरीच्या जागी इमारत उभी होती. तरी तो आला आणि माझ्या ओट्यावर माठाशेजारी बसला.

"तुझी आई माझ्या माठाला विहीर समजणार आहे का?"

"पाणी तर आहे ना, मासी."

मी बसू दिला. जाताना ते काळं कापड माझ्याकडे ठेवलं, "आली तर द्या," म्हणाला.

म्हातारी आली नाही. पुढच्या वर्षापासून तोही आला नाही. मेला, गावी गेला की तांडा सापडला, मला माहीत नाही. सापडला असता तर कापड न्यायला आला असता.

दर दिवाळीला मी ते ट्रंकेतून काढून उन्हात घालते. रंग पक्का आहे, अजून उतरला नाही.