नॅन्सीच्या दोन आया

तुमच्या आईला कुणी जन्म दिला, हे तुम्ही कसं सिद्ध कराल? "आजीने" म्हणू नका. कुठल्या आजीने, कुठल्या कागदावर, आणि कागद लिहिणाऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं का? आता का गप्प बसलात?

नोरीन टेहीला हे विचारलं तेव्हा ती गप्प बसली नाही. तिने शिव्या घातल्या. पण शिव्यांसाठी अर्जात रकाना नव्हता.

नोरीन अमेरिकेत, ओक्लाहोमाच्या डोंगरात, स्टिलवेल गावाच्या अलीकडे राहते. बोलते चेरोकी, भांडते चेरोकीत, आणि रानातल्या बकब्रश नावाच्या झुडपाच्या लांब फांद्या उकळून, सोलून, अक्रोडाच्या सालीत काळ्या रंगवून दुहेरी भिंतीच्या टोपल्या विणते. अर्ध्या तालुक्याला तिनेच शिकवलं. चेरोकी जमातीचं नागरिकत्वाचं कार्ड मात्र तिने कधी काढलं नाही. "मी कोण ते मला ठाऊक आहे. खिशात लिहून कशाला ठेवू?" असा तोरा.

यंदा ती टोपल्या विकते त्या जत्रेचा नियम बदलला. "चेरोकी टोपल्या" अशी पाटी लावायची तर कार्ड हवं. पाटी मिळाली तिच्या शिष्यिणींना, आणि गुरूला सांगण्यात आलं, तिकडे मुरंबेवाल्यांच्या ओळीत बसा.

"मुरंबे!" नोरीन महिनाभर एवढंच म्हणत होती. मग मुकाट्याने कागद जमवायला लागली.

कार्डाची अट सोपी वाटते. ओक्लाहोमा राज्य व्हायच्या आधी सरकारने चेरोकींची जी यादी केली, त्या यादीतला कुणीतरी तुमचा थेट पूर्वज हवा. चुलता नको, मावशी नको. नोरीनचा बाप आर्कान्सासहून लाकडाच्या गिरणीवर आलेला गोरा, तेव्हा तो बाद. राहिली आई, नॅन्सी. नॅन्सीच्या जन्मदाखल्यावर, तोही मोठेपणी सांगोवांगी काढलेला, बापाचा रकाना कोरा आणि आई म्हणून नाव सॅली. आणि सॅली यादीत नाही!

सॅलीचा बाप हट्टी माणूस. जमिनीचे तुकडे पाडायला आलेल्या सरकारला नाव द्यायचं नाही म्हणून तो पोरीला घेऊन रानात लपला. थोरली मुलगी बेट्सी मात्र शाळेसाठी गावात शेजाऱ्यांकडे राहायची. शेजाऱ्याने परस्पर तिचं नाव देऊन टाकलं. म्हणून यादीत बहिणींपैकी एकटी बेट्सी.

"मग सोपं आहे, बाई," जमातीच्या कचेरीतली टॅमी ब्लॅकफॉक्स म्हणाली. तीही नोरीनचीच शिष्यीण. "हे बघा, एकोणीसशे चाळीसची जनगणना. बेट्सीच्या घरात नॅन्सी, नातं मुलगी."

नोरीनला आनंदाने ओरडावंसं वाटलं. टॅमीने पान उलटलं.

"आणि हे सॅलीचं घर. नॅन्सी, नातं मुलगी."

"तीच?"

"वय तेच, नाव तेच. गणती करणारा एका घरी आज आला, दुसऱ्या घरी परवा. पोर दोन्हीकडे जेवत होती, आणि दोघींनी सांगितलं, माझी."

आता यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. आपल्याकडे माय मरो नि मावशी जगो म्हणतात. इथे मावशी नावाची वेगळी बाईच नसते. आईची बहीण म्हणजे आई. शब्द तोच, हक्क तोच, मारही तोच. आणि रक्त तपासायचं म्हणाल, तर कचेरीला रक्त चालत नाही, कागद लागतो.

उरला वॉट बेअरपॉ. इथे कुळ आईकडून येतं; नोरीनच्याच कुळातला म्हणून मामा. नव्वदीचा. ओसरीवर मक्याची भाकरी घेवड्याच्या रश्श्यात कुस्करत बसला होता.

"मामा, माझी आई कुणाच्या पोटची?"

"तिच्या आईच्या."

"कुठल्या?"

"दोन होत्या. दोन असल्या की दोन. त्यात कुठली काय?"

"पोट तर एकच असेल ना!"

"असेल. मी काय पोटं बघत हिंडत होतो? मीच रांगत होतो."

"पुढे तरी कुणी विचारलं नाही?"

"विचारायचं कसं पोरी? एकीला आई म्हटलं की दुसरीला नाही म्हटल्यासारखं. सॅलीने चुलीतलं लाकूड हाणलं असतं. कुळ तर एकच दोघींचं. आणखी काय पाहिजे कचेरीला?"

नोरीनने खिशातून कागद काढला. "इथे शपथेवर लिहून द्या. नॅन्सी बेट्सीच्या पोटची."

"देतो की. खरं आहे का ते?"

"मला काय माहीत!"

"मग मला कसं माहीत?" म्हातारा भाकरी चावत राहिला. "आणि तू तर सॅलीलाच आजी म्हणायचीस."

नोरीनने कागद पुन्हा खिशात घातला. बेट्सी तिच्या जन्माआधीच गेली. नोरीनला हाताला धरून टोपलीचा तळ कसा धरायचा हे शिकवलं ते सॅलीने. सॅलीची टोपली चेरोकी म्हणून विकायची असेल, तर लिहावं लागणार की सॅली आपली कुणी नव्हे. हे कुणाला सांगून पटेल? आणि बेट्सी खरीच आई असली तर? मग सॅलीचं नाव लिहिणं म्हणजे बेट्सीला दुसऱ्यांदा मारणं.

टॅमीने मार्ग काढला. जन्मदाखला उशिराचा, त्याच्यापुढे बेट्सीच्या घरचं पान जोडू, म्हणाली, बहुतेक चालेल. खाली फक्त सही हवी, की माझ्या माहितीप्रमाणे हे खरं आहे.

"माझ्या माहितीप्रमाणे," नोरीन पुन्हा पुन्हा पुटपुटली. "टॅमे, दोन्ही नावं लिहिली तर?"

"एकच बसतं, बाई."

पेन टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. शेवटी ती अर्ज घडी करून घरी घेऊन आली. सकाळी बेट्सी, दुपारी सॅली, आणि संध्याकाळी दोघींवर राग.

सही करून टाकावी, असं तुम्हाला वाटत असेल. परवापर्यंत मलाही वाटत होतं. काल नाही वाटलं. उद्याचं ठाऊक नाही. तेव्हा एक करा. कधी इकडे आलात, नोरीनच्या अंगणात बसलात, तर अर्जाचं काय झालं ते विचारू नका, आणि शहाणपण तर मुळीच शिकवू नका. तिला सॅलीबद्दल विचारा. मग बेट्सीबद्दल विचारा. आणि ती बोलायला लागली की मधे तोंड उघडू नका.