सुनेच्या कागाळ्या

भूकंपानंतर लातूरकडं पत्र्याच्या शेडांच्या वस्त्या उभ्या राहिल्या, तेव्हा मी तिथं नोकरीला लागले. गरोदर बायकांसाठी रक्तवाढीची एक नवी गोळी तपासणं चाललं होतं. काहींना नवी, काहींना नेहमीची जुनी. कुणाला कुठली, हे त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. मी घरोघर जायचं, कुणाला काही त्रास होतोय का विचारायचं आणि वर कळवायचं. पिशवीत बीपीचं यंत्र होतं, पण ते तक्रार असेल तरच काढायचं.

मी नांदेडची, वडील मास्तर. भाषा शुद्ध आणि नाक वर. भर उन्हाळ्यात कडक इस्त्रीची साडी. तेव्हाची ती मी, ती बया, आज माझ्या दारात आली, तर तिला ताक देऊन मी आत जाऊन पोट धरून हसेन. शेडच्या दारात उभी राहून ती विचारायची, "औषध सुरू केल्यापासून आपल्याला काही त्रास जाणवतो का?"

उत्तर सासू द्यायची. "न्हाई बाई. ठणठणीत हाय आमची सून."

मागं सून पदराआडून मान हलवायची. माझ्या वस्तीत मळमळ नाही, चक्कर नाही, उलटी नाही. मला वाटायचं, हा आपल्या देखरेखीचाच प्रताप!

नांदेडहून मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "बाई, तुमच्या वस्तीत बायका राहतात का पुतळे?"

मी नोंदवही पुढं केली. पानोपानी 'त्रास नाही'.

"अहो, नुसती खडीसाखर वाटली तरी दोघीतिघींना मळमळतं. कुणालाच काही नाही, म्हणजे गोळी चांगली असं नव्हे. तुम्हाला कुणी सांगत नाही, एवढाच त्याचा अर्थ."

फुगून बसायला हक्काची जागा नव्हती, म्हणून फुगलेलीच वस्तीत गेले. पहिल्याच शेडात सातव्या महिन्यातली सून आणि तिची तोंडाळ सासू. त्या दिवशी काही विचारायचं त्राणच नव्हतं. इस्त्रीची पर्वा न करता पोत्यावर बसले. सासूनं तांब्या पुढं केला. मी आपलं उगंच म्हणाले, "मावशी, पाणी तुम्हीच भरता? सून कुठंय?"

झालं! धरण फुटलं.

"कुठं असणार? लोळून राहिली आत. पाण्याला जा म्हणलं की डोकं दुखतंय. भाकरी थाप म्हणलं की डोळ्यापुढं काजवे चमकतेत म्हणं. आमाला न्हाई कधी चमकले! आन् लाज बघा, नवरा धडधाकट हाय तरी जोडवी काढून ठेवली. रुततेत म्हणं!"

माझा फुगा तिथंच फुटला. डोकेदुखी, काजवे, सूज. सासू सुनेचे नखरे मोजत होती आणि मला नेमकं तेच हवं होतं. आत गेले. पोरीचा चेहरा सुजलेला, बोटांवर जोडव्यांचे वळ. यंत्र लावलं तर पारा खाली यायला तयार नाही.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

तिनं दाराकडं पाहिलं. "आत्याबाईसमोर त्रास होतो म्हणलं की कामचुकार ठरते मी. आन् तुमी रोज त्यांच्यासमोरच इचारता."

"मावशी, जीप बोलवा. हिच्या जिवाला धोका आहे, पोटातल्याच्याही."

सासू पांढरीफटक पडली, पण तोंड बंद झालं नाही. जीपमध्ये सुनेचे पाय मांडीवर घेऊन ती लातूरपर्यंत मला, गोळीला आणि रस्त्याला शिव्या देत होती. मध्येच सुनेला म्हणायची, "जोडवी माज्या पदराला बांधलीत. भिऊ नको."

लवकर बाळंत झाली. पोरगी इवलीशी, पण रडली खणखणीत. दोघी वाचल्या. मोठ्या डॉक्टरांनी तिच्या नावाचं बंद पाकीट उघडून गोळी कुठली ते पाहिलं. जुनीच निघाली, दुखणं गोळीचं नव्हतं. पण माझी पद्धत बदलली. आधी सासूला विचारायचं, "सून कामाला कशी काय?" कागाळ्यांचा पूर आला की सुनेला हातपंपावर एकटीला गाठायचं. डॉक्टर म्हणाले, "पुतळ्यांत जीव आला म्हणायचा!"

पुढं मी लातुरातच घर केलं. तिथं गल्लोगल्ली क्लास निघाले आणि माझ्या वरच्या खोलीत पोरी राहायला लागल्या. एकदा एक म्हातारी नातीची पेटी घेऊन दारात उभी. तोंड उघडलं आणि मी ओळखलं.

"डाक्टर व्हायचं म्हणती, आन् पुस्तकावर डोकं ठेवून झोपती. जिना चढताना मधीच बसती. आन् कच्चे तांदूळ खाती चोरून! सांगा काय तरी हिला."

तांदूळ म्हटल्यावर मी उठले. पोरीची खालची पापणी ओढून पाहिली. पांढरी.

"मावशी, हिचं रक्त कमी आहे. चला, आधी तपासून घेऊ."

म्हातारी ताठ झाली. नातीला म्हणाली, "बघ! तुज्या आयला बी म्याच वाचिवलं, कागाळ्या करून. आन् तू मला किटकिटी म्हणतीस!"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. नाही म्हणायला मला जागाच नव्हती.